सरांच्या अक्षरातला कागद

आमच्या सरांच्या घरी सकाळी दहाला कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या आणि घरात स्वयंपाकाचा मात्र पत्ता नसायचा. शहाद्यात नवा आलेला माणूस वर बघून म्हणे, आज मटण दिसतंय. जुन्यांना माहीत होतं की सर जंतूंचं जेवण शिजवताहेत. निर्जंतुक करायचं मोठं यंत्र त्यांनी कधी घेतलं नाही. हॉटेलवाले वापरतात तसले दोन दांडगे कुकर होते, त्यातच काचेच्या बशा, नळ्या, जंतू ज्यावर वाढवायचे ती खळ, सगळं उकडून निघायचं. स्वतः जवळच्या ब्राह्मणपुरी गावच्या गुजराच्या घरातले, अंडंही न शिवणारे. पण काही जंतूंना खळीत रक्त लागतं, म्हणून थर्मास घेऊन खाटकाच्या दुकानापुढे रांगेत उभे राहायचे. खाटीक आमच्याच मोहल्ल्यातला. तो थट्टेनं म्हणे, "सर, कभी बोटी भी ले जाओ." सर गंभीरपणे उत्तर द्यायचे, "मेरे जंतू को दाँत नहीं हैं."

सरांना जाऊन आता दोन हिवाळे झाले. त्यांच्याविषयी गावात अजून गमतीजमती सांगतात. मीही सांगतो. पण सगळ्या गमती सांगून संपल्या की एक गोष्ट उरते, ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला घेतलं आहे.

सरांच्या घराच्या खालच्या मजल्यावर माझं मेडिकल. वरच्या दोन खोल्यांत त्यांची लॅब आणि मागच्या खोलीत ते स्वतः. मधे चौदा पायऱ्यांचा जिना. भाडेकरू म्हणून मी त्यांना बरा वाटायचो, विद्यार्थी म्हणून कधीच नाही. कॉलेजात त्यांनी मला सूक्ष्मजीवशास्त्रात नापास केलं होतं, म्हणून तर मी औषधांच्या धंद्यात आलो. प्रॅक्टिकलची जर्नल मी उतरवून काढली होती. सगळेच काढायचे. सरांनी वर्गात ती जर्नल उचलून दाखवली आणि म्हणाले, "बघा, जंतू असंच करतो. एखादा औषधाला हरवायची युक्ती शिकतो, ती एका छोट्या गोल दोऱ्यावर लिहून ठेवतो. त्या दोऱ्याला प्लास्मिड म्हणतात. शेजारचा जंतू येतो, दोरा उतरवून घेतो. अभ्यास एकाचा, पास साठ." मग माझ्याकडे वळून घरच्या बोलीत म्हणाले, "जंतूले बाप नही ऱ्हास रे, शेजारी ऱ्हास." वर्ग हसला. मी नापास झालो आणि बाकीचे साठ पास झाले, कारण माझी जर्नल तेवढी त्यांच्या हाताला लागली होती.

हे शेजाऱ्याचं वाक्य ते उठता-बसता म्हणायचे. लग्नात, मयतीत, सलूनमध्ये. लोकांना वाटे, सरांचं शेजाऱ्यांशी पटत नसावं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी लॅब काढली तीही अर्धवट. साखर तपासणार नाहीत, कावीळ तपासणार नाहीत. फक्त जंतू वाढवायचा आणि कुठल्या औषधानं तो मरतो ते सांगायचं. बशीत जंतू पसरून त्यावर औषधाच्या चकत्या ठेवायच्या. चकतीभोवती सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ वर्तुळ पडलं, तर ते औषध चालतं. चकतीच्या कडेपर्यंत जंतू वाढला, तर त्या औषधाचा उपयोग संपला. नमुने कशात आणावेत याची गावाला शिस्त नव्हती. लोक लघवी शॅम्पूच्या बाटलीत आणत, लोणच्याच्या बरणीत आणत. एकानं खोकल्याच्या औषधाची बाटली आणली तेव्हा सरांनी जिन्यातच त्याला अडवलं.

"यामा पहिले काय व्हतं?"

"खोकलानं औषध, सर."

"मंग आते मी जंतू धुंडू का तुन्हा खोकला धुंडू?"

पण नमुना एकदा नीट मिळाला की रिपोर्ट असा द्यायचे की माणूस तो घडी घालून छातीच्या खिशात ठेवी. बाकी लॅबवाले इंग्रजीत छापील कागद देतात, त्यात नुसती आर आणि एस अशी अक्षरं, जंतू टिकला की आर, मेला की एस. सर हातानं लिहायचे, मराठीत, पाटीवर लिहावं तशा मोठ्या, गोल, सुट्या अक्षरात. औषधाचं नाव आणि पुढे ‘याने मरतो’ किंवा ‘याने मरत नाही’. ‘मरतो’ हिरव्या पेन्सिलीनं, ‘मरत नाही’ लाल पेन्सिलीनं. डॉक्टर मंडळी वैतागायची. एक डॉक्टर मला म्हणाले होते, हा काय दुसरीचा निबंध आहे का? सरांना मी ते सांगितलं तेव्हा ते उलट खूश झाले. म्हणाले, ज्याच्या अंगात जंतू आहे त्याला तो कागद वाचता आला पाहिजे, डॉक्टर काय, आज आहे उद्या नाही.

त्या अक्षरामागे जिजी होती. जिजी म्हणजे सरांची मोठी बहीण. लहान वयात विधवा होऊन ती ब्राह्मणपुरीला माहेरी परत आली आणि आई नसलेल्या या भावाला तिनं वाढवलं. शाळा दुसरीपर्यंत. सर शिकायला बाहेर गेले तेव्हा तिला पत्रं लिहायचे, तिला वाचता यावीत म्हणून अशी गोल आणि सुटी. पुढे जन्मभर त्यांचा हात तसाच राहिला.

मी जिजीला सरांच्याही आधीपासून ओळखत होतो. आम्ही पिंजारी. अब्बा गावोगाव गाद्या भरायला जायचे आणि ब्राह्मणपुरीत जिजीच्या ओट्यावर त्यांचं कापूस पिंजायचं धुनकं चालायचं. माझ्या केसांत कापूस भरायचा आणि जिजी मला तसंच कापसानं पांढरं झालेलं बसवून जेवू घालायची. त्या ओट्यावर मी किती कळण्याच्या भाकरी खाल्ल्या असतील, देव जाणे. मेडिकल टाकलं तेव्हा पहिला नारळ तिनं फोडला. जिजीच्या दारातून कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही, असं तिच्याविषयी सगळे म्हणत. ते खरं होतं आणि तेच पुढे नडलं.

जिजीला एकदा लघवीचा त्रास झाला. आग, ताप, कंबर दुखणं. तिकडच्या डॉक्टरनं एकामागून एक तीन औषधं दिली, उतार पडेना. सरांनी नमुना मागवून जंतू वाढवला. बशीत बहुतेक चकत्यांच्या कडेला जंतू चिकटून बसला होता. एका चकतीभोवती मात्र मोठं स्वच्छ वर्तुळ. फॉस्फोमायसीन. पाण्यात घालून प्यायची पुडी येते, एकदाच घ्यायची. सरांनी जिजीसाठी रिपोर्ट लिहिला, नेहमीपेक्षाही सावकाश. लाल ओळी आठ, हिरवी एक. तो कागद घेऊन ते खाली माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बघ, अक्षर कसं आलंय." मी पुडी दिली. जिजी तिसऱ्या दिवशी गोठ्यात उभी.

पुढच्या बाजारी जिजी शहाद्याला आली आणि भावाचा तो कागद स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्लास्टिकमध्ये पक्का करून घेऊन गेली. भिंतीवर कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. कौतुकानं. भाऊ एवढा शिकलेला आणि त्यानं लिहिलेलं आपल्याला सगळं वाचता येतं, याचा तिला फार अभिमान.

पहिली आली शेजारची मंगलाबाई. तिच्या नवऱ्याला लघवीला जळजळ होती. जिजीनं कागद खिळ्यावरून काढून दिला, एवढंच सांगितलं, "दिवा लावाना पहिले परत लई ये." मंगलाबाई तो घेऊन माझ्या दुकानी आली. "सरना कागद शे. यामा हिरवं लिखेल शे ती पुडी द्या."

मला नियम माहीत होता. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय असलं औषध द्यायचं नसतं, आणि लॅबचा रिपोर्ट म्हणजे चिठ्ठी नव्हे. शिवाय तो रिपोर्ट दुसऱ्याचा. पण अक्षर सरांचं होतं. आमच्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर लोक शंका घेतील, सरांच्या कागदावर नाही. मी पुडी काढून दिली. मंगलाबाईचा नवरा बरा झाला. कदाचित तो नुसत्या पाण्यानंही झाला असता.

मग तो कागद ब्राह्मणपुरीत घरोघर फिरू लागला. जाताना कुणाच्या पिशवीत, परत येताना वाटीभर शेंगदाण्यांसोबत. पुडी तापाला गेली, खोकल्याला गेली, परसाकडला लागलं तरी गेली. एकानं फवारणी करताना अंगाची आग झाली म्हणून घेतली. एकानं हगवण लागलेल्या बकरीला पाजली आणि बकरी वाचली, त्यानंतर तर बोलायलाच नको. कागदाच्या झेरॉक्स निघाल्या. झेरॉक्सवर लाल आणि हिरवं दोन्ही काळं येतं. अक्कलकुव्याचा एक जीपवाला तसली झेरॉक्स घेऊन आला, ओळी नीट न वाचताच म्हणाला, यातली सगळीच द्या. मी मोठ्या शहाणपणाच्या आवाजात त्याला समजावलं की आठ औषधं चालत नाहीत, एकच चालतं, आणि तेवढं एक दिलं. त्या दिवशी आपण काहीतरी चांगलं केलं असं मला वाटलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

वर सर कुकर लावत होते, खाली मी हे करत होतो. वर्ष गेलं, वर आणखी काही महिने. मी एकदाही जिना चढून सांगितलं नाही. सुरुवातीला वाटलं, रागावतील. पुढे वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलंस म्हणतील. आणि शेवटी काहीच वाटेनासं झालं.

मग तो सोमवार. मंगलाबाई आली, हातात मूळ कागद, प्लास्टिकचा. कोपरे आता झिजून पांढरे पडले होते.

"आज कोनले?" मी विचारलं.

"जिजीलेच. थंडी वाजी ऱ्हायनी, ताप शे. तिनीच कागद दिधा."

मी म्हणालो, "सर वर शेत. सांगू का?"

"नका सांगू. जिजी म्हणनी, त्याले तरास नको. पुडीनं मांगे बरं वाटनं व्हतं, आते बी वाटी."

मी मागे वळलो, खोक्यातून पुडी काढली आणि दिली. चौदा पायऱ्या. वर दिवा लागलेला दिसत होता, सरांच्या चपला जिन्याशी होत्या. एक हाक मारली असती तर ते अनवाणी धावत आले असते, त्याच दिवशी नमुना घेतला असता, डॉक्टरांकडे नेलं असतं, इंजेक्शन सुरू झालं असतं. मी हाक मारली नाही. कारण काय म्हणाल, तर काहीच नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती.

शुक्रवारी जिजीला जीपमध्ये आडवी घालून आणली तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. चार दिवस सगळं घर पुडीच्या भरवशावर थांबलं होतं. सरांनी नमुना घेतला, घाईघाईनं बशीत लावला आणि तिला तशीच धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे इंजेक्शनं लागली, पण विष रक्तात उतरून मूत्रपिंडं बसली होती. जिजी चौथ्या दिवशी गेली.

मधल्या एका सकाळी सर धुळ्याहून एसटीनं एकटेच परत आले होते, फक्त ती बशी बघायला. मला वर बोलावलं. हिरव्या ओळीची ती चकती होती आणि जंतू तिच्या कडेपर्यंत वाढून आला होता. सरांनी बशी उजेडाकडे धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. म्हणाले, चकती जुनी असेल. नवी चकती काढून पुन्हा लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा ते माझ्याकडे वळले. "तिनी जनममा एकच पुडी खादी. एक. मंग तिन्हा जंतूले हाई कोनी शिकाडं?"

एक नव्हे, दोन, हे मला माहीत होतं. आणि दुसरीनं काही शिकवलं नव्हतं, जंतू आधीच शिकलेला होता, सोमवारी मी दिली तेव्हाच ती निकामी होती, हेही आता मला दिसत होतं. मी मान खाली घातली. सरांना वाटलं, मला दुःख झालंय. दुःखही होतंच.

त्यानंतर सरांनी जे केलं त्यावर ब्राह्मणपुरी आजही हसते. घरात सुतक, दाराशी बसायला आलेली माणसं, आणि सर झाकणाच्या डब्या घेऊन गल्लीत घरोघर शेजाऱ्यांची शी मागत फिरले. बहीण गेल्याचं डोक्यात गेलं, असं लोक म्हणाले. काहींनी दारं लावून घेतली. एका म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या. तरी त्यांना सात डब्या मिळाल्या, आणि पुडी कुणी कशाकशाला घेतली तेही कळलं. एक मंगलाबाईनं दिली. का दिली ते मला कळलं, तिनं माझ्याशी नजर मिळवली नाही त्यावरून.

जिजी गेल्याच्या आठव्या दिवशी सकाळी त्यांनी मला पुन्हा वर बोलावलं. टेबलावर एक बारीक नळी होती, तिच्यावर त्यांच्या अक्षरात ‘जिजी’ लिहिलेलं. पहिल्या आजाराच्या वेळचा जंतू त्यांनी जपून ठेवला होता, पुडीनं मरणारा. तो त्यांनी एका डबीतल्या जंतूसोबत एकाच नळीत रात्रभर ठेवला होता. "काल हाऊ मरे," ते म्हणाले आणि बशी माझ्यापुढे सरकवली. आता तोही मरत नव्हता. एका रात्रीत शेजाऱ्याकडून दोरा उतरवून घेतला होता. मला कॉलेजची जर्नल आठवली. सरांना बहुधा काहीच आठवत नव्हतं. ते नुसते त्या बशीकडे बघत होते आणि त्यांची दाढी आठ दिवसांची वाढलेली होती.

इकडे हिंदूंच्या घरी सुतकाचे दिवस संपले की गंधमुक्ती असते. सोयरेधायरे जमतात, सगळ्यांना गंध लावतात, जेवणं होतात आणि घर पुन्हा चारचौघांसारखं होतं. जिजीच्या गंधमुक्तीला आख्खं गाव होतं. मी मागे मांडवाच्या खांबाशी बसलो होतो. गंध लावून झाल्यावर सर उभे राहिले. लोकांना वाटलं, आभार मानतील.

"जिजीले कोनी मारं ते सांगस मी," सर म्हणाले. "जिजीना जंतूले काहीच येत नव्हतं. तुम्हना पोटमाधला जंतू शिकनात. तुम्ही ती पुडी तापले खादी, खोकलाले खादी, बकरीले पाजी. जंतू रोज तीच पुडी दखेत, मंग तिले हाराडानी इद्या शिकी लिधी. आनि आपन इरजन देतस ना शेजारले, तशी ती इद्या जिजीना जंतूले दिधी. जिजीले आपन बठ्ठासनी मिळीसन मारं."

सगळ्यांनी मिळून मारलं म्हटल्यावर मांडवातल्या माना खाली गेल्या. बायकांनी पदर तोंडाला लावले. मंगलाबाई रडायला लागली. मला वाटलं, आता समजलं यांना. तेवढ्यात पुढच्या ओळीतला एक वयस्क पाटील, गावात मान असलेला माणूस, हात जोडून नम्रपणे म्हणाला,

"सर, ते बठ्ठं खरं शे. पन मंग आते कोन्ती पुडी चालस?"

आणि त्याच्या बाजूच्यानं नाव लिहून घ्यायला मोबाइल काढला.

सर उभेच होते. कुणीतरी त्यांना धरून खाली बसवलं आणि पंगत सुरू झाली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. सरांच्या पानातली बट्टी तशीच राहिली. लोक चांगले जेवले, जिजी असती तर तिला बरं वाटलं असतं.

त्या दिवसानंतर सरांनी मराठी रिपोर्ट बंद केले. एक जुना संगणक आणला, इंग्रजीत छापू लागले, नुसती आर आणि एस. पाकीट चिकटवून वर डॉक्टरचं नाव घालायचे. कुणी वाचून दाखवा म्हटलं तर म्हणायचे, "डाक्टरले इचार." पेन्सिली फेकून दिल्या. जिन्यात थांबून शॅम्पूच्या बाटलीवरून भांडणंही बंद झालं. काहीही कशातही आणलं तरी मुकाट्यानं घ्यायचे. लॅब चालू होती, पण तिचा मालक संपला होता असं मला वाटायचं.

चार-सहा महिन्यांनी मंगलाबाई आली. सून गरोदर, लघवीत जंतू सापडलेला. पाकीट फोडून कागद माझ्यापुढे धरला. "काय लिखेल शे?" मी पाहिलं. एक औषध चालणारं होतं, गरोदर बाईलाही देता येईल असं. नाव जिभेवर आलं. मी कागद घडी घातला आणि म्हणालो, "डॉक्टरांना विचारा."

ती मला लहानपणापासून ओळखते. तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "पहिले सर आमले समजी असं लिखेत. आते तुम्ही दोन्ही जन लपाडी ऱ्हायनात." आणि निघून गेली. लपवतच होतो. न लपवता काय होतं ते पाहिलं होतं, आणि लपवून तिची सून डॉक्टरकडे वेळेवर पोचेलच याची खात्री मला कुठे होती?

त्या दुपारी मला राहवेना. दुकान हाताखालच्या पोरावर सोडून मी तो जिना चढलो. सर खिडकीशी बसले होते, कुकर थंड पडला होता. मी उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. कागद कसा फिरला, पुड्या मीच कशा दिल्या, जीपवाला, बकरी, सगळं. आणि तो सोमवार. म्हणालो, सर, दुसरी पुडीही मीच दिली. तुम्ही वर होतात. मी हाक मारली नाही. ते चार दिवस माझ्यामुळे गेले.

मला शिव्या हव्या होत्या. त्यांनी मारलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते.

सर खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "सोमवारनं मले माहीत नव्हतं. कागदनं माहीत व्हतं."

मला आधी समजलंच नाही. "कागद फिरतोय, ते तुम्हाला जिजी असतानाच माहीत होतं?"

"जिजी जावाना पहिले सहा महिना. आश्रमशाळानं पानी तपासाले अक्कलकुव्याले गयथू. स्टँडवर एक मानूस भेटना, काठी गावकडला, डोंगरमाधला. खिसामा झेराक्स. अक्षर मन्हं." ते म्हणाले. "मले वळखे नही तो. मन्हा शेजारी बसना आनि बोट फिराई फिराईसन वाचं, मोठा आवाजमा. बठ्ठं. ‘याने मरत नाही, याने मरत नाही, याने मरतो.’ एक बी अक्षर चुकना नही."

"मग? तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"फाड तो कागद, असं म्हणाले पाहिजे व्हतं. तवयच गावले जाईसन तो खिळावरला कागद बी फाडाले पाहिजे व्हता." त्यांनी हातांकडे पाहिलं. "तीस वर्स कॉलेजमा शिकाडं, मन्हं लिखेल कोनी मनथीन वाचं नही. मी त्याले म्हणनू, भारी वाचस रे भो तू."

मला त्यांचा संताप आला. इतका की मी तिथून निघून जायला हवं होतं. पण त्यांच्यावर रागवायला मला जागाच कुठे होती? तेही गप्प राहिले, मीही गप्प राहिलो, आणि दोघांच्या मधे भाकरी वाढणारी एक बाई मेली.

"तुले सांगू?" सर म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. "आजबी तो मानूस याद उना का मले गोड वाटस."

खालून पोरानं हाक मारली. मी उतरलो. काउंटरवर एक बाई उभी होती, मूल खांद्यावर, मुलाच्या अंगात ताप. तिनं मोबाइल पुढे केला. पडद्यावर तोच कागद होता, मोठ्या, गोल, सुट्या अक्षरातला. ती मला वाचून दाखवू लागली, आणि एकही अक्षर चुकली नाही.